बेटं पाच, माणसं शून्य

सरपंचाच्या पोरीनं वही आणून आपटली. "आबा, लाँचवरचे किस्से लिवा." चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला वही! वर रोज विचारती, किती पानं झाली. बरं, धरणात लाँच चालवली की किस्से गाळासारखे साचत जातात, उपसायला कुणी येत न्हाई. घ्या मग.

आमची वाडी मुळशी धरणाच्या फुगवट्यात. उन्हाळ्यात मागनं पायवाट हाय. पावसाळ्यात ती बुडाली की चारी बाजूंनी पाणी. दुकान, दवाखाना, सगळं माझ्या लाँचवर.

*

हिंजवडीत काचेच्या बिल्डिंगी उठत होत्या, तेव्हाची गोष्ट. ऐन उन्हाळ्यात तालुक्याचा कारकून भोसेकर फॉर्म घेऊन आला: 'बेटांवरील वस्ती व धोके'. वाडी बेट ठरली तर लाँच चालू, न्हाईतर बंद! मी काठाला इंजिन खोलून बसलेलो. त्यानं माझ्या शेजारच्या सोनाबाईला विचारलं, "इथं बेट कुठंय?"

आमच्याकडं बांबूच्या जाळीला बेट म्हणतात. सोनाबाईनं घरामागं हात केला, "एक न्हाई, पाच हायेत!"

"धोका कसला?"

"उंदीर. आन् फुलोरा आला की आख्खं बेट मरतं."

"राहतं कोण?"

"साप!"

ऊन लई होतं, त्यामुळं साहेब बघायला काय गेला न्हाई. फॉर्म भरला: बेटं पाच, माणसं शून्य.

*

मग लवळ्याच्या कॉलेजातली मॅडम पोरं घेऊन आली. जगातल्या छोट्या बेटांचा अभ्यास म्हणे. सोनाबाईला विचारलं, "मावशी, समुद्र वाढतोय. भीती वाटते?"

"ताम्हिणीचा घाट चढून येणार व्हय? दमंल बिचारा!"

सगळी हसली. मॅडम म्हणाली, "मग भीती कशाची?"

"सून आठव्यात हाय, आन् ह्या आबाची लाँच बंद होतीय."

मॅडमनं तेवढं मात्र वहीत लिवून घेतलं.

*

त्यात एक पोरगा मालदीवचा. परतताना लाँचमधी मॅडमकडनं मला विचारतोय, "तुमचं मूळ गाव कुठलं?"

"तुझ्या बुडाखालचं."

पोरगं टुणकन उठलं! मग वाकून पाण्यात लई वेळ बघत बसलं. म्हणालं, "आमच्याकडं पाणी चढतंय, उतरत न्हाई."

"धरणाचं दार उघडा की!"

हसला. मग विचारलं, "दार कुठं असतं?"

मी इंजिनाचा आवाज वाढवला.

*

ऐन श्रावणात भोसेकर पुन्हा आला, माझ्याच लाँचनं. वाडीला उतरला, सोनाबाईकडनं भाताची खळ मागून घेतली आणि लाँचच्या काचेवर नोटीस डकवली: 'आजपासून सेवा बंद.' छत्री झटकून आत बसला.

"चला, सोडा मला पलीकडं."

"लाँच बंद हाय, साहेब."

"मस्करी करताय?"

"सही तुमचीच हाय. वाचून दावू?"

सोनाबाईच्या पडवीत साहेब रात्रभर डास मारत बसला. सकाळी तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मी लाँच चालू करायला इंजिनाला दोरी गुंडाळली. भोसेकर पळत आला, ओली नोटीस स्वतःच्या नखांनी खरवडली आणि सुनेच्या आधी लाँचमधी जाऊन बसला!

पलीकडं साहेबाची जीप उभी होती. सून वेळेत दवाखान्यात पोचली, सोनाबाईला नातू झाला. लाँच पुढं कुणी बंद केली न्हाई.

काठाला उतरताना भोसेकर मला काय म्हणाला असंल? "किती उशीर केलात हो!"

त्या उशिराची माफी मी मागायची राहिलीय. ती ह्या वहीतच मागतो, म्हणून नाव नीट लिवून ठेवतो: भोसेकर, बी. के.