घाटातली घंटा

मारुतीशी मी दीड वर्ष अबोला धरला होता, हे आधीच कबूल करते. माझी थोरली बहीण, ताई, अंथरुणाला खिळली तेव्हा मी अकरा शनिवार खुलताबादला भद्रा मारुतीला चालत जायचा नेम धरला. उस्मानपुऱ्यातून पहाटे निघायचे, दौलताबादच्या किल्ल्याखाली चहा घ्यायचा आणि घाट चढायचा. ही वाट ताईनेच मला लहानपणी लावली होती. देवळात ती नेहमी दोन टोल द्यायची, एक स्वतःचा आणि दुसरा जे येऊ शकले नाहीत त्यांचा. मी तिच्यासाठी घंटा बडवून बडवून मागितले. नवव्या शनिवारी मी घाटात असतानाच घरून फोन आला, ताई गेली. उरलेले दोन शनिवार मी गेले नाही आणि नंतर कुठल्याच घंटेला हात लावला नाही. ऐकणाराच बहिरा, तर वाजवायचे कशाला? पण खरे सांगू, राग वरवरचा होता. आत मला नुसती ताई हवी होती.

शहनाज माझी पंचवीस वर्षांपासूनची शेजारीण, घरीच शिवणक्लास चालवते. तिची लेक जपानात नोकरीला आहे. गेल्या कार्तिकात लेकीने आईला बोलावले, तर हिने माझेही तिकीट काढायला लावले. "घरात बसून किती रडायलीस? चल, पाय मोकळे करू," म्हणाली. लेकीला सुट्टी कमी, म्हणून तिने आम्हा दोघींना डोंगरातल्या जुन्या गावांमधून जाणारी चार दिवसांची पायवाट आखून दिली. सामान एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला परस्पर पुढे जायचे आणि आम्ही पाण्याची बाटली घेऊन रमतगमत चालायचो. लाकडी घरे, वळचणीला दोरीने सुकत टांगलेली केशरी फळे. ताई असती तर प्रत्येक दारात थांबून गप्पा मारायला बसली असती, भाषा येवो न येवो. असे दिवसातून दहादा मनात यायचे.

त्या वाटेवर जागोजागी लाकडी खांबाला घंटा टांगलेली होती. पहिली दिसली तशी मी सवयीने बूट काढायला वाकले, आणि मग आपला अबोला आठवून चटकन सरळ झाले. शहनाज पोट धरून हसली. "अगं बाई, देवाची नाय ती, अस्वलांसाठी हाय! आपण यायलोत म्हणून त्यांना सांगायचं, म्हणजे ते बाजूला होतात." पुढची प्रत्येक घंटा तिने हौसेने वाजवली. मी बाजूने निघून जायची. "अस्वलाशी पण भांडण हाय का तुझं?" ती चिडवायची.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर घाट उतरताना शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय घसरला. बघता बघता घोटा टम्म सुजला. फोनला रेंज नाही, पुढेमागे माणूस नाही, झाडीत गारठा उतरायला लागलेला. ओठ चावत ती म्हणाली, "तू जा खाली, माणसं घेऊन ये. मी बसते हितं." एका बहिणीच्या वेळी मी वाटेतच राहिले होते. दुसरीला वाटेत सोडून जाणे मला काही केल्या जमेना.

शंभरेक पावले वर एक घंटा मागे टाकली होती. तिथे धापा टाकत गेले, दोरी धरली, पण मागायचे काय तेच सुचेना. ना नवस आठवला, ना नेम. "मी इथं आहे रे," एवढेच तोंडातून निघाले. मग मी वाजवत राहिले, हात भरून येईपर्यंत, रडत, मधूनच "ताई गं" म्हणत.

बऱ्याच वेळाने वरच्या झाडीतून रबरी बूट घातलेले एक म्हातारबाबा घाईने आले. मी खालच्या बाजूला बोट दाखवले, त्यांना तेवढे पुरले. दोघांनी दोन बाजूंनी धरून शहनाजला त्यांच्या छोट्या गाडीपर्यंत नेले. घरी त्यांनी तिच्या पायाला थंड पट्ट्या बांधल्या, आम्हाला गरम चहा दिला आणि तिच्या लेकीला फोन लावून दिला. त्यांचे म्हणणे लेकीने फोनवरून आम्हाला सांगितले. ते शेतातून कधीच घरी परतले होते, पण विळा विसरला म्हणून पुन्हा वर आले. लोक घंटा वाजवतात आणि पुढे जातात. ही थांबेचना, तेव्हा कुणीतरी अडले आहे हे त्यांनी ओळखले.

विळा त्याच दिवशी का विसरला, ते मी विचारत बसत नाही. नुसते हात जोडते. आजवर मी घंटा वाजवायची ती देवाला कामाला लावायला. त्या दिवशी मी फक्त कुठे आहे ते सांगितले आणि पुढचे त्याच्यावर सोडले. ताईच्या वेळीही पुढचे माझ्या हातात नव्हतेच. ती काही परत येणार नाही, तिची ओढही कमी झालेली नाही. पण आता ती ओढ घेऊन देवळात जाता येते.

परतल्यावर पहिल्याच शनिवारी खुलताबादला गेले. शहनाज दुखऱ्या पायानिशी हट्टाने रिक्षातून सोबत आली आणि बाहेर हारवाल्याच्या बाकड्यावर पाय लांब करून बसली. "जा, मी ऐकते हितून," म्हणाली. आत जाऊन मी एक टोल माझा दिला. दुसरा ताईचा दिला.

बाहेर आले तर तिचेही डोळे भरलेले. "दोन्ही ऐकू आले गं," ती म्हणाली. "ताईचा जरा मोठा होता."