जावई, पोटगी आणि आईचा शिरा

मैत्रिणींनो, घटस्फोटानंतरही जावई जावईच राहतो का? मला खरंच ठाऊक नाही.

नव्या कायद्याने ताईचा घटस्फोट झाला. पोटगी द्यायला तिचे यजमान, म्हणजे पूर्वीचे, दरमहा घरी येतात. आज सकाळीही आले. आईने सवयीने पाट मांडला, शिरा वाढला.

"सासूबाई, ही चव इंदूरला कुठली!"

ताई आतल्या खोलीत बसून होती. "ते आले की मी पुन्हा त्यांची बायको होते गं," ती हळूच म्हणाली.

मला जागेपणीच स्वप्न पडलं: दारात पोस्टमन, कोवळं ऊन, आणि हसत सही करणारी ताई.

दुपारी आम्ही दोघी कोर्टात गेलो. पोटगी यापुढे मनिऑर्डरने पाठवावी, असा ताईच्या सहीचा अर्ज देऊन आलो.