मिरजगावची तीन कोरी तिकिटं आणि एक पुकारा

जायचं ठरलं ते एका वाक्यामुळे. "पुकारा करूनही वादी गैरहजर." कोर्टाच्या रोजनाम्यात हे वाक्य लागोपाठ तीन तारखांना होतं आणि तिसऱ्या वेळी त्याला शेपूट लागलं होतं: पुढच्या तारखेलाही वादी आली नाही, तर दावा काढून टाकण्यात येईल.

वादी म्हणजे मिरजगावच्या कौसाबाई. नवरा गेल्यावर दीर जमिनीत हिस्सा देईना, म्हणून त्यांनी वाटपाचा दावा लावला होता. त्यांचे जुने वकील आजारपणामुळे घरी बसले आणि कागद आमच्याकडे आले. दावा काढून टाकला की दीर तळ्याकडची दोन एकर विकायला मोकळा. गिऱ्हाईक जमीन बघूनही गेलं होतं.

आमची संस्था सावेडीत एका पिठाच्या गिरणीवर दोन खोल्यांत आहे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस आम्ही चालवतो. संस्थेत दोन वकील, एक टायपिस्ट आणि मी. मी वकील नाही. मी बोलते. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, आता गावोगावी न्यायाबद्दल बोलते. आमची वकील रूथ साळवे आठवीत माझ्याच वर्गात होती, त्यामुळे ती मला अजून बाई म्हणते आणि तेव्हाचे सगळे हिशोब आता चुकते करते.

"बाई, तुम्ही कशाला येताय?" तिनं विचारलं.

"त्यांना हक्काची जाणीव करून द्यायला कुणी तरी हवं."

"मावशींना जाणीव आहे. हजेरी नाहीये."

तरी मी गेलेच.

माळीवाड्याच्या स्टँडवरून सकाळची गाडी धरली. गाडीच्या बोर्डावर अहिल्यानगर आणि कंडक्टरच्या तोंडी "नगर, नगर". दोन्ही नावं एकाच गाडीत बसून निघाली, कुणाचं काही अडलं नाही. तेव्हा मला हे नुसतं गमतीचं वाटलं होतं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा भगिनींनो, घरी कारणं सांगू नका. एक सूचना: सकाळी जाताना उजवीकडची खिडकी धरा, ऊन डावीकडून येतं. सोलापूर रस्त्याला नगर मागे पडलं की जानेवारीत दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असते आणि त्या हिरव्यावर नजर ठेवली की खड्डेसुद्धा सोसतात.

रूथ झोपली. शेजारच्या गृहस्थांना मी उशिरा मिळालेल्या न्यायाबद्दल थोडं सांगितलं. ते फार लक्षपूर्वक ऐकत होते. मिरजगावच्या एक थांबा आधी उतरून गेले. त्यांचं तिकीट मिरजगावचं होतं, असं रूथचं म्हणणं आहे. म्हणजे ती झोपलेली नव्हती.

मिरजगावच्या स्टँडवर चहा घेतला आणि गरम भजी खाल्ली. भजी घ्याच, चहा मात्र "साखर कमी" सांगून घ्या, नाही तर पाकच मिळतो. तिथून कौसाबाईंच्या वस्तीपर्यंत पायी वीस मिनिटं. साठीची, काटक बाई. दारातच आम्हाला बसायला पोतं टाकलं आणि औषधाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून तीन कागद काढून रूथपुढे ठेवले. एसटीची तिकिटं. शाई उडून पार कोरी झालेली.

"ह्यो घ्या पुरावा," त्या म्हणाल्या. "तीनदा गेल्ते. धाला जाऊन बाकड्यावर बसायचे, पाचला उठायचे. आन् कोर्ट म्हनतं मी आलेच न्हाई."

रूथनं ते पांढरे चिटोरे गंभीरपणे उलटसुलट पाहिले. "मावशी, मग पुकारा झाला तेव्हा उठला का नाहीत?"

"मला कुनी पुकारलंच न्हाई. समद्यांस्नी पुकारलं. शिपाई चांगला हाय, लई मोठ्यांदा वरडतो. दर बारीला एक अलकाबाई असायची, तिला दोन-दोनदा हाक मारायचा. ती काय येतच न्हवती. मला वाईट वाटायचं. म्हनलं, बिचारीची केस बुडनार."

रूथचा हात तिकिटांवरच थांबला.

"दीर यायचे का तारखेला?" तिनं हळूच विचारलं.

"यायचा की. शेजारीच बसायचा. एकदा च्या बी पाजला त्यानं."

"मावशी, लग्नात तुमचं नाव काय ठेवलं होतं?"

कौसाबाईंनी आठवायला थोडा वेळ घेतला. "ते व्हय. ताटात तांदूळ पसरून लिवलं हुतं त्यांनी." मग त्या थांबल्या. आमच्या तोंडाकडे पाहिलं, तिकिटांकडे पाहिलं. "अगं बाई. अलका."

फाईलवर अलका ज्ञानदेव शिंदे हेच नाव होतं. मी आणि रूथनं ते दहादा वाचलं होतं. आपल्याकडे प्रत्येक बाईला एक कागदावरचं नाव असतंच, म्हणून दोघींपैकी एकीलाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. जुन्या वकिलांच्या कारकुनानं रेशनकार्डावरून नाव उतरवलं आणि कौसाबाईंनी अंगठा दिला होता.

"पन त्या नावानं मला कुनी हाक मारली न्हाई," त्या म्हणाल्या. "सासूनं न्हाई, धन्यानं न्हाई. भांडताना बी न्हाई."

"आणि ज्ञानदेव ऐकून तरी?"

"त्यांचं नाव मी कधी घेतलं न्हाई. अख्खं गाव आबाच म्हनायचं. आन् शिंदे तर हितं निम्मी वस्ती हाय."

मी उभी राहिले. माझ्या मनात विषय तयार झाला होता: तांदळात लिहिलेलं नाव आणि स्त्रीचं नागरिकत्व. पहिलं वाक्य झालं असेल नसेल, कौसाबाई म्हणाल्या, "ताई, भाषन नगं. नुस्ती हाक मारा. सवय व्हायला पायजे."

म्हणून त्या दुपारी आम्ही सराव केला. मी गोठ्यामागे उभी राहून शिपायासारखी ओरडायचे, त्या ओट्यावरून उत्तर द्यायच्या. पहिल्यांदा मी "अलका ज्ञानदेव शिंदे" म्हटलं, तर त्या कोण आलंय ते बघायला रस्त्याकडे गेल्या. दुसऱ्यांदा शेजारच्या घरातली एक अलका नावाची सून हातातलं पीठ झटकत धावत आली. तिला समजावून परत पाठवलं. चौथ्यांदा त्यांनी "व्हय" म्हटलं. रूथ म्हणाली, "व्हय नाही, हजर म्हणायचं." अडचण पुढे आली: पूर्ण नाव सांगताना नवऱ्याचं नाव घ्यावं लागत होतं आणि ते ओठापाशी येऊन परत जात होतं.

"उखान्यात घेतलं तर चालंल का कोर्टात?" त्यांनी विचारलं.

"चालेल," रूथ म्हणाली, "पण विरोधी वकील हरकत घेईल."

दिवस कलेपर्यंत आख्खी वस्ती खेळात उतरली होती. येणारा-जाणारा "अलकाबाई" म्हणून हाक मारी आणि कौसाबाई शेण भरता भरता "हजर" म्हणत. जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते, लसणाचे, झणझणीत. नगर जिल्ह्यात थंडीत येऊन शेंगोळे न खाता परत जाणाऱ्याबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तारीख होती. सकाळच्या गाडीनं तिघी तालुक्याच्या कोर्टात गेलो, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. ज्यांनी कोर्ट कधी पाहिलं नाही त्यांनी एकदा नुसतं पाहायला जावं, ते सर्वांना खुलं असतं आणि फी लागत नाही. आवारात चहावाला, झेरॉक्सवाला, टायपिंगवाला आणि लिंबाखाली दोन बाकडी. एका बाकड्यावर दीर आधीच बसला होता. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. त्यानं वहिनींना चहा विचारला. वहिनी म्हणाल्या, "आज मीच पाजीन, थांबा."

रूथला वकीलपत्रावर लावायची कोर्ट-फीची तिकिटं आणायची होती आणि तिथे रांग होती. जाताना तिनं मला बजावलं, "बाई, एकच काम. दाराशी उभं राहायचं, नाव ऐकायचं, मावशींना आत न्यायचं. बोलायचं नाही."

"अजिबात?"

"हजर म्हटलेलं चालेल. कोपरगावला लाईट गेली तरी तुम्ही दीड तास बोलत होतात, म्हणून सांगतेय."

मी दाराशी उभी राहिले. खरंच राहिले. पण शेजारच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, आमचा निकाल आमच्या हयातीत लागंल का?" आता, काही प्रश्न असे असतात की ज्यांना हुं करून गप्प बसणं मला पाप वाटतं. मी म्हटलं, आजोबा, न्याय म्हणजे मेहेरबानी नव्हे. आत बसलेले न्यायाधीश सचोटीचे असणं ही अर्धी गोष्ट झाली. बाहेर बसलेल्या माणसाला आपली पाळी कधी, आपण कोण म्हणून आत जायचं, काय बोलायचं हे कळलं तर उरलेली अर्धी. ज्या घराचं दार सापडत नाही ते घर कितीही पवित्र असो, आपल्या काय कामाचं? लोक जमले. पाच होते ते पंधरा झाले. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मला अजूनही वाटतं, बोलणं चांगलं चाललं होतं.

शिपाई बाहेर आला आणि त्यानं पुकारा केला. मी ऐकला नाही. त्यानं दुसऱ्यांदा केला. माझा आवाज त्याच्यापेक्षा मोठा होता, हे नंतर तिथल्या सगळ्यांनी मला सांगितलं.

मी तिसऱ्या मुद्द्यावर होते तेव्हा माझा पदर ओढला गेला.

"ताई, जरा गप ऱ्हावा. मला बोलवत्यात."

आणि गोठ्यामागे पोचेल अशा आवाजात कौसाबाई म्हणाल्या, "हजर. अलका ज्ञानदेव शिंदे, हजर हाय."

शिपाई दोन पावलं मागे सरला. "आजी, आलं ऐकू. आत या."

दीर बाकड्यावरून उठला होता तो पुन्हा बसला. वहिनीचं कागदावरचं नाव त्याला चांगलं ठाऊक होतं. दर तारखेला ते नाव तो शेजारी बसून ऐकत होता.

न्यायाधीशांनी विचारलं, "मागच्या तीन तारखांना कुठे होता?"

"हितंच हुते, सायेब. भायेर बाकड्यावर."

तेवढ्यात रूथ तिकिटं घेऊन धापा टाकत आली. तिनं सगळं सांगितलं, तिन्ही कोरे चिटोरेसुद्धा दाखवले. न्यायाधीश ते बघताना हसले नाहीत, पण चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी लिहायला सांगितलं: वादी हजर. दावा कायम. अर्ज दिला तर नावापुढे "ऊर्फ कौसाबाई" लावता येईल. पुढची तारीख मार्चात.

बाहेर येऊन कौसाबाईंनी दिराला चहा पाजला. त्यानं तो अर्धाच प्यायला. परत निघालो तेव्हा रूथ गाडीत मला सोडून पुढच्या सीटवर जाऊन बसली. तासाभरानं मिरजगावला घेतलेला हुरडा तिनं मागे वळून पुढे केला आणि म्हणाली, "बाई, तिसरा मुद्दा काय होता?" मला आठवेना.

सावेडीत आल्यावर मी आमच्या छापील अर्जात एक रकाना वाढवून घेतला: घरी काय म्हणून हाक मारतात? टायपिस्ट म्हणाला, हे काय कायद्यात बसत नाही. मी म्हटलं, बसव. मी गावोगावी न्यायाच्या दाराबद्दल बोलत आले, आणि त्या दारात त्या दिवशी आडवी उभी होते मीच. हे सभांमधून सांगते आता. पाच मिनिटांत संपवते, कधी कधी सहा.

परवा दुपारी फोन वाजला. मी भाषणाची टिपणं काढत होते.

"हॅलो, अलका बोलतीय," पलीकडून आवाज आला.

"कोण अलका? चुकीचा नंबर लागलाय, बाई," म्हणून मी ठेवणार, तोच पलीकडे हसू फुटलं.

"ताई," कौसाबाई म्हणाल्या, "आज तुमी गैरहजर."