भिंतीवर न आलेलं गाव

रविवारी दुपारी आईचा हात धरून मी तिला शाळेत नेलं, तेव्हा माझ्या अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं. आठवडाभर दिवसा वर्ग घ्यायचा आणि संध्याकाळी फोन घेऊन बसायचं, असं चाललं होतं. कोण हजर, कोण गैरहजर, खिचडी शिजली का, तिचा फोटो टाकला का, कोणत्या पोराचं आधार जुळत नाही, सगळं त्या फोनात भरायचं. रविवार आला की मला फोनकडे बघावंसंही वाटत नसे. पण त्या रविवारचं कबूल करून बसले होते.

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या गावठाणात सरळ रस्ते आहेत, आखून दिलेले प्लॉट आहेत आणि एका टोकाला दोन वर्गांची शाळा आहे. त्याच शाळेत मी शिकवते, आमचं घरही शाळेच्या जवळच. बाबा इथं आल्यावर फार दिवस जगले नाहीत. घरी मी आणि आई, दोघीच.

आईच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की मधलं दिसणार नाही, कडेकडेचं आणि मोठं मोठं तेवढं दिसत राहील. तांदूळ निवडताना ती खडा बोटांनी शोधते. माणूस आवाजावरून ओळखते. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. एक दिवस मात्र जेवताना हात थांबवून तिनं विचारलं, "का व, आपल्या जुन्या घरी चूल कोणत्या हाताले होती?"

"डाव्या," मी म्हणाले.

"नाई. उजव्या हाताले होती. का डाव्या?" आणि मग कितीतरी वेळ ती हवेत हात फिरवत बसली. दारातून आत आल्यासारखी एकदा इकडे, एकदा तिकडे. "मले आता घरच आठवून नाई राहिलं," ती म्हणाली.

माझ्याकडे जुन्या गावाचा एक व्हिडिओ होता. गाव सोडायच्या थोडे दिवस आधी, माझ्या पहिल्या टच फोनवर काढलेला. गल्लीतून सुरू होतो आणि आमच्या घरात येऊन संपतो. फोन बदलले तसा तो या फोनातून त्या फोनात येत राहिला. मी तो तिच्यासमोर धरला. तिनं फोन नाकाला लावला, मान वाकडी करून कडेनं बघायचा प्रयत्न केला आणि परत दिला. "मोठं करून दाखव ना. भिंतीएवढं."

घरचा टीव्ही जुना, जाड पाठीचा, त्याला फोन जोडायची सोयच नाही. शाळेत मात्र प्रोजेक्टर होता. तो कपाटात पडून असे, कारण शाळेचा लॅपटॉप केव्हाचाच बंद पडला होता. माझ्या सोबतचे सर म्हणाले, "मॅडम, लॅपटॉप कायले पाहिजे? फोनवरून डायरेक्ट होते." ते करडी गावाकडचे, वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, आणि फोनच्या बाबतीत फारच आशावादी. भंडाऱ्याला गेले तेव्हा एक केबल आणि फोनला लावायचा जोड घेऊन आले. रविवारी मोटरसायकलवर मुद्दाम यायचंही त्यांनीच ठरवलं. मला नाही म्हणता आलं नाही.

वर्गात अंधार करायला विहारातल्या सतरंज्या आणल्या होत्या. खिडक्यांवर त्या टांगल्या, दार ओढून घेतलं. आत उकडायला लागलं. आईला पहिल्या बाकावर बसवलं. बाक पोरांचा, तिचे गुडघे पोटाशी आले. पदर नीट करून समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसली.

सरांनी केबलचं एक टोक प्रोजेक्टरला लावलं, दुसरं जोडात आणि जोड माझ्या फोनला. भिंतीवर निळा चौकोन आला. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, की काही मिळत नाही.

"दिसून राहिलं का?" आईनं विचारलं.

"अजून नाही. निळं आलंय फक्त."

"निळं मले दिसते."

सरांनी केबल काढली, फुंकर मारली, उलटी करून लावली. फोन बंद करून सुरू केला. सेटिंगमध्ये शिरले. मग स्वतःचा फोन लावून पाहिला, तेही तसंच. शेवटी घाम पुसत म्हणाले, "मॅडम, आपल्या फोनच्या या भोकातून चित्र बाहेरच नाही येत. चार्जिंग होते, फोटो कॉपी होतात, बस. महागातल्या फोनातून येते. मले वाटलं सगळ्यातूनच येत असंल."

मला राग आला नाही. राग यायलाही थोडी ताकद लागते. मी म्हटलं, "जाऊ द्या सर, नंतर पाहू."

"थांबा ना जी. वायरलेसचं पण आणलं हाय." त्यांनी खिशातून बोटाएवढा एक डोंगल काढला. त्यांच्या घरच्या टीव्हीला लावलेला, काढून आणलेला. तो प्रोजेक्टरच्या मागं बसवला, त्याला चार्जरची वायर दिली. भिंतीवरचा निळा चौकोन गेला आणि एका डोंगराचं चित्र आलं, खाली 'जोडणीची वाट पाहत आहे' अशा अर्थाचं काहीतरी.

"आता तुमच्या फोनात स्क्रीन कास्ट दाबा. नाव दिसंल त्याच्यावर बोट ठेवा."

फोन शोधत राहिला. मग दोन नावं आली, दोन्ही नुसती अक्षरं आणि आकडे. कोणतं आपलं ते ना मला कळलं ना त्यांना. मी वरच्यावर बोट ठेवलं. गोल गोल फिरून फोन म्हणाला, जोडलं. भिंतीवर डोंगर तसाच.

"व्हिडिओ लावा, मग येईल," सर म्हणाले.

मी लावला. फोनात आमची गल्ली हलायला लागली, पण आवाज आला नाही. आवाज पूर्ण वाढवला, तरी मुकाच. आणि त्याच वेळी खिडकीवरच्या सतरंजीच्या पलीकडून, शाळेच्या कंपाउंडला लागून असलेल्या घरातून, कोंबडा आरवला. मग माणसांचा गलका. मग एका मुलीचा मोठा, आनंदी आवाज: "आई, इकडं पाय ना व! पदर नको घेऊ तोंडावर!"

आईनं मान वळवली. "कोण बोलून राहिलं?"

तो माझाच आवाज होता. असं मोठ्यानं, हसून बोलणं माझ्या गळ्यातून कधी येत होतं, हेही मी विसरून गेले होते.

सरांच्या ध्यानात आधी आलं. "मॅडम, बाजूच्या टीव्हीले जोडलं गेलं!"

मी घाबरून बंद केलं. कारण बाजूचं घर काकांचं होतं.

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. जुन्या गावात त्यांचं आणि आमचं घर एकाच भिंतीनं जोडलेलं होतं. गाव उठायचं ठरलं, तेव्हा काका आधी निघाले. जाताना प्रत्येकानं आपापलं लाकूड आणि छपराचे कवेलू नेले, तसे त्यांनीही नेले, आणि त्यांच्या मयाली, म्हणजे छताच्या तुळया, ज्या मधल्या भिंतीत होत्या ती भिंतही त्यासाठी फोडली. आमचं निघणं पावसाळ्यापुढं गेलं. तो सगळा पावसाळा आईनं एका बाजूनं उघड्या घरात, ताडपत्री बांधून काढला. तेव्हापासून आई काकांशी बोलत नव्हती. नव्या गावठाणात मरण-लग्न झालं तर दोघं एकाच मांडवात बसत, तोंडं वेगळीकडे करून. भांडण कधी झालंच नाही. बोलणं बंद झालं, एवढंच.

दारावर थाप पडली. काकांची सून धापा टाकत आली होती. "ताई, आमच्या टीव्हीवर काईतरी विचारलं, मी हो दाबलं, तं तुमचं जुनं गाव सुरू झालं! मामाजी जेवत होते, ताटावरून उठले. अन् आता बंद झालं."

तिच्या मागोमाग काका स्वतःच आले. हात खरकटा. "काहून बंद केलं व? लाव ना. तुमच्या घरात शिरलं होतं." मग त्यांना बाकावर बसलेली आई दिसली आणि ते दारातच थांबले.

वर्गात प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. काका म्हणाले, "वहिनी, घरी या. टीव्ही मोठा हाय."

आई त्यांच्याशी नाही, माझ्याशी बोलली. "त्यायले सांग, आम्ही शाळेतच पाहू."

काका गेले. सरांनी दुसऱ्या नावाला जोडायला घेतलं. पण बंद खोलीत, सतरंज्यांच्या उबेत प्रोजेक्टर तापला होता. एक लाल दिवा लुकलुकला आणि भिंतीवरचा डोंगर गेला. सर म्हणाले की थंड होईपर्यंत तो आता सुरू होणार नाही. मी पंख्याखाली खुर्चीवर बसले आणि डोळे मिटले. मला वाटलं, बरं झालं. आता घरी जाऊ, भात टाकू, झोपू. सोमवार येईल.

आई बाकावरून उठायचा प्रयत्न करत होती. मी आधार द्यायला गेले. "घरी जायचं ना?"

"चाल," ती म्हणाली, "त्याच्या घरी चाल. पाहाचं तं हाय ना."

काकांच्या घरात आई नव्या गावठाणात पहिल्यांदाच शिरली. उंबरठा पायानं चाचपला. सुनेनं खुर्ची दिली, ती आईनं स्वतःच पुढं ओढत टीव्हीच्या अगदी जवळ नेली आणि थोडी तिरपी ठेवली, कडेनं दिसावं म्हणून. काका मागं खाटेवर बसले. मी फोन हातात धरून उभी राहिले, कारण त्याचा पडदा झोपला की जोडणी तुटत होती.

गल्ली आली. पिंपळ आला. काका मागून सांगत होते, हे अमक्याचं, ते तमक्याचं, आणि आई मान हलवत होती, कोणाला उद्देशून ते कळत नव्हतं. मग आमचं दार आलं. कॅमेरा आत शिरला.

"उजव्या हाताले," आई म्हणाली. "पाय. उजव्याच हाताले होती चूल."

चुलीपाशी ती स्वतः बसली होती, पदर तोंडावर ओढलेली. "आई, इकडं पाय ना व," टीव्हीतली मी म्हणाले. मागून बाबा बांबूंचा भारा घेऊन गेले, पाठमोरे, क्षणभरच. आईनं हात पुढं करून काचेवर ठेवला, पण तोवर ते पडद्याबाहेर गेले होते. तेवढ्यात टीव्हीच्या वरच्या अंगाला पांढरी पट्टी उतरली: माहिती तत्काळ भरावी, अन्यथा… आमच्या शाळांच्या ग्रुपवरचा मेसेज. मी अंगठ्यानं तो सारला.

पुढं कॅमेरा वळला. जिथं भिंत असायला हवी तिथं निळी ताडपत्री फडफडत होती. तिच्या खालून चिखल घरात आला होता. पलीकडे काकांच्या घराची मोकळी जागा, नुसती माती आणि गवत.

व्हिडिओ तिथंच संपला.

"हे आमच्या घराच्या अंगाचं हाय?" काकांनी विचारलं.

"मंग कोणाचं?" आई म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य.

"पाणी आत येत होतं?"

"चुलीत बेडूक बसे. सकाळी आधी त्याले काढू, मंग पेटवू."

"मले कोणी सांगतलं नाई."

"तूनं इचारलं होतं?"

काकांनी आपल्या वाळलेल्या खरकट्या हाताकडे बघितलं. "नाई इचारलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ते शेवटचं पुन्हा लाव."

मी लावलं. त्यांनी आणखी एकदा लावायला सांगितलं. माझा हात भरून आला होता, पाय दुखत होते, फोन तापला होता. आई टीव्हीला टेकूनच बसली होती. तिसऱ्यांदा ताडपत्री आली तेव्हा काका म्हणाले, "लई वाईट झालं, वहिनी." आई म्हणाली, "झालं तं झालं आता." त्यात माफी होती की नुसता थकवा, ते मला आजही सांगता येत नाही. सुनेनं चहा आणला. आईनं घेतला.

पुढं काही मोठं घडलं नाही. सरांनी तो व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकून सुनेला दिला, म्हणजे मला फोन घेऊन उभं राहायला नको. आता कधीमधी रविवारी आई एकटीच कंपाउंडच्या कडेनं हात लावत काकांकडे जाते. तिथं दोघं भांडतात. पिंपळाचा पार कोणी बांधला, बोडीच्या तळ्यात पहिल्यांदा शिंगाडे कोणी टाकले, बाबांच्या हातात बांबू होते की तुराट्या. आवाज आमच्या अंगणापर्यंत येतात.

मी दार लोटून घेते, फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि पाठ टेकते. कधी कधी माझा तो जुना, मोठा आवाजही कंपाउंडच्या भिंतीपलीकडून येतो, आईला हाका मारणारा. मी कूस बदलते आणि झोपून जाते.