गळ्याला हात लावून
दाढीचं थंड जेल मानेला लागलं की गोंदियातली ती तपासणीची खोली आठवते. नागपूरला हृदयाचं ऑपरेशन होऊन आलेले बाबा पलंगावर टेकून बसले होते, डॉक्टरीणबाई त्यांच्या मानेवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवत होत्या आणि घरी देवरीला जायची बस चुकेल म्हणून मी चुळबुळत होतो. "टाके छातीले हायेत, मान काऊन पाहून रायल्या?" बाबा कुरकुरले. "श्वास घेतला की ही शीर मिटायला पाहिजे," बाई मला पडदा दाखवत हळूच म्हणाल्या, "नाही मिटली तर हृदयावर दाब वाढलाय, परत नागपूर." बाबांनी श्वास घेतला. पडद्यावरचा शिरेचा काळा गोल तसाच राहिला. पुन्हा घेतला, तरी तसाच. "काय दिसून रायलं? माह्या गळ्याले हात लावून सांग," बाबा म्हणाले. गळ्याला हात लावला की आमच्या घरात कोणी खोटं बोलत नसे. जेलनं बुळबुळीत झालेल्या त्या मानेवर मी बोटं टेकवली. "शीर मिटून नाही रायली, बाबा. नागपूरले वापस जावं लागते." "मंग उठ ना, बसून काऊन रायला?" आज आरशासमोर मी स्वतःच्या मानेवर बोटं ठेवून खोल श्वास घेतो, माझी शीर मिटते का पाहतो, आणि विचारायला बाबा राहिले नाहीत, म्हणून गळ्याला हात असूनही खरं कोणाला सांगायचं ते कळत नाही.