पाचवी भाषा

परंड्यात आमचं कापडाचं दुकान होतं. घरात कन्नड, दुकानात मराठी, शाळेत उर्दू. गिऱ्हाईक ज्या बोलीत बोलेल तिच्यात उत्तर द्यायचं, हे मला लहानपणीच येत होतं. इंग्रजी पुढं हैदराबादेत, कॉलेजात आली. महायुद्ध संपल्यावर मी डॉक्टरीसाठी स्कॉटलंडला जायचं म्हणाले, तेव्हा वडिलांनी, अप्पांनी, एकच विचारलं, "औषध द्यायचं अन् कापायचं, दोन्ही शिकवत्यात का तिथं?"

"व्हय अप्पा. दोन्हीची पदवी एकच."

"मंग जा. अर्धं शिकून येऊ नको."

कुर्डुवाडीला त्यांनी मला मुंबईच्या गाडीत बसवलं.

स्कॉटलंडात तिसऱ्या वर्षी आम्ही वॉर्डात जायला लागलो. त्याच वर्षी इकडं निजामाची राजवट गेली आणि कॉलेजच्या दफ्तरात मी हैदराबादची होते ती भारताची झाले.

एका सकाळी दूरच्या बेटावरची एक मेंढपाळ म्हातारी माझ्या वाट्याला आली. तिला फक्त बेटावरची भाषा यायची. इंग्रजी बोलणारा तिचा मुलगा तिला पोचवून परत गेला होता. आमचे प्राध्यापक म्हणाले, "हे तुम्हाला जमायचं नाही. दुसरा रुग्ण घ्या."

"सर, इंग्रजी माझी चौथी भाषा आहे," मी म्हटलं. "पाचवीचं बघते."

खाटेजवळ स्टूल ओढलं. स्वतःच्या पोटावर हात दाबून, तोंड वाकडं करून विचारलं, "नोवु?" कन्नडमध्ये नोवु म्हणजे दुखणं. म्हातारीनं मला नीट न्याहाळलं आणि तिचा शब्द सांगितला. मी तो म्हटला, तिनं हसत दुरुस्त केला. मग जेवण, उलटी, झोप, असे शब्द खुणांनी काढून घेतले. पावावर लोणी फासल्याची खूण करून तिनं उजव्या बरगडीखाली मूठ आवळली, मग खांद्याकडं बोट नेलं. मी बरगडीखाली बोटं दाबून तिला श्वास घ्यायला लावला. तो अर्ध्यातच अडला.

"पित्ताशयात खडे असावेत," मी प्राध्यापकांना सांगितलं.

त्यांनी स्वतः तपासलं. "बरोबर आहे. यापुढं बेटावरची माणसं तुम्हीच बघा."

"बघते. पण हिच्या ऑपरेशनला मला आत घ्या."

आमच्या वर्षाला आत सहसा घेत नसत. तरी ते म्हणाले, "या."

मला जखम फाकवून धरायचं काम मिळालं. हात भरून आले, तरी हलू दिले नाहीत. हरभऱ्याएवढे खडे निघाले. म्हातारी बरी होऊन घरी गेली.

नंतर बेटावरचाच एक कोळी दाखल झाला. मी त्याला त्याच्या भाषेत दुखणं विचारलं. तो इंग्रजीत म्हणाला, "बोली तर आमच्या डोंगरातल्या मेंढपाळांची. तिथं राहिलात वाटतं?"

मी होय म्हणून टाकलं आणि त्याची नाडी धरली.