गाठ कुठं होती?

परसवाड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या पौर्णिमाला दोन वर्षं पाळीत इतकं रक्त जायचं की फळ्याकडे वळून वर्गाकडे पाठ करायचीच तिला धास्ती बसली होती. बालाघाटच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली, "गाठ आहे, पिशवी काढून टाकू," म्हणाले आणि फॉर्म सरकवला तो तिच्या नवऱ्याकडे. गजेंद्रने सही केलीसुद्धा.

"दुसरा काही उपाय?" तिने विचारलं.

"एक मुलगा आहे ना? मग आता पिशवी कशाला हवी?" डॉक्टर हसले.

ती चौतीस वर्षांची होती. बाहेर येताच तिने फॉर्म हिसकावून टराटरा फाडला.

"शरीर माहं अन् सही तुमची? काहून?"

"डॉक्टर म्हणते तं..." गजेंद्र चाचरला.

"आता मले नागपूरले दाखवायचं हाये."

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ पिशवीच्या आतल्या पोकळीत होती. खालच्या मार्गाने बारीक दुर्बीण घालून ती काढता येत होती. पोटावर चीर नाही, पिशवी जागच्या जागी. "सगळ्यांनाच हे जमत नाही," बाई म्हणाल्या. "काही गाठींसाठी पोटाला छिद्रं पाडावी लागतात. कधी पिशवीही काढावी लागते. पण आधी गाठ कुठे आहे ते तरी बघायला हवं!"

तशी गाठ काढून घेऊन पौर्णिमा दुसऱ्याच दिवशी घरी आली, आठवड्याने शाळेत गेली.

खैरलांजीहून धाकटी नणंद अनुसया भेटायला आली. पाच वर्षांपूर्वी, मूल होण्याआधीच, बालाघाटच्या त्याच डॉक्टरांनी तिची पिशवी काढली होती. नागपूरच्या बाईंनी काढलेलं चित्र हातात घेऊन तिने गाठीवर बोट ठेवलं.

"वहिनी, माही गाठ कुठं होती?"

पौर्णिमाच्या अंगाची लाही लाही झाली. दोघी तडक दवाखान्यात गेल्या.

"इतक्या वर्षांनी कागद कोण ठेवतं?" डॉक्टर खेकसले.

कधी मान वर न करणारी अनुसया टेबलावर हात आपटून ओरडली, "पिशवी तं गेली! गाठ कुठं होती थे तरी सांगा!"

डॉक्टरांनी कंपाउंडरला बोलावून त्यांना बाहेर काढलं. कागद मिळाला नाही, कधीच मिळाला नाही. अनुसया मात्र घरी गेली नाही. बाहेरच्या बाकावर, नंबर लावून बसलेल्या बायांच्या मधोमध जाऊन बसली आणि शेजारणीला म्हणाली, "बाई, गाठ म्हणतीन तं कुठं हाये थे विचारजो. सही त्याच्यानंतर."